एकच पत्ता, बावन्न वर्षं : चित्रकार केटे कोलविट्झ

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी सोसायटीच्या सुरुवातीच्या हिशेबांबद्दल, सिंकिंग फंडाबद्दल काही लिहावं अशी त्यांची अपेक्षा असणार. बरीच वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे ते साहजिकच. पण त्या विषयावर मी दरवर्षी सर्वसाधारण सभेत पुरेसं बोललो आहे, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरेही पाहिले आहेत. म्हणून या वेळी एका परदेशी चित्रकार बाईंची गोष्ट सांगतो. आपल्या रौप्यमहोत्सवाशी तिचा संबंध इतकाच, की या बाई एकाच इमारतीत, एकाच पत्त्यावर ५२ वर्षं राहिल्या. आपण आत्ता कुठे २५ पूर्ण करतोय.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं धाकट्या मुलीकडे बर्लिनला गेलो होतो. तिच्या घराजवळ एक छोटं उद्यान होतं. संध्याकाळी तिथे फिरायला जायचो. उद्यानात एका वयस्कर बाईंचा बसलेला मोठा पुतळा आहे. दोन्ही हात सैल सोडलेले, चेहरा थकलेला. आणि गंमत म्हणजे मुलं खुशाल त्या पुतळ्याच्या मांडीवर चढून खेळत असतात, त्यांना कोणी हटकत नाही. पुतळा कोणाचा म्हणून मुलीला विचारलं. ती म्हणाली, केटे कोलविट्झ, चित्रकार होती, हा चौक तिच्याच नावाचा. घरी येऊन वाचायला लागलो आणि मग त्या बाईंनी मला काही सोडलं नाही.

केटे श्मिट हिचा जन्म ८ जुलै १८६७ चा, क्योनिग्सबर्ग या गावचा. ते तेव्हा जर्मनीच्या पूर्व टोकाचं शहर होतं. आज ते रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड. घर मोठं विचारी होतं. आजोबा धर्मोपदेशक, पण सरकारी चर्चशी न पटल्याने बाहेर पडून त्यांनी आपला स्वतंत्र पंथ काढलेला. वडील कायदा शिकलेले, पण त्यांची राजकीय मतं अशी की प्रशियाच्या सरकारात नोकरी करणं त्यांना रुचेना. मग त्यांनी काय करावं? गवंडीकाम शिकले आणि घरं बांधू लागले. अशा माणसाच्या लक्षात आलं की आपल्या मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे. तेव्हा मुलीला तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करणाऱ्या एका कारागिराकडे त्यांनी शिकायला पाठवलं. ती जेमतेम १३-१४ वर्षांची होती.

त्या काळी बर्लिन, म्युनिकच्या सरकारी कला अकादमींत मुलींना प्रवेश नव्हता. मुलींसाठी वेगळ्या शाळा होत्या. केटे आधी बर्लिनच्या आणि मग म्युनिकच्या मुलींच्या कलाशाळेत शिकली. ती गेली होती चित्रकार व्हायला, म्हणजे कॅनव्हास, तैलरंग, मॉडेल समोर बसवून काढलेली माणसं. रेखाटनात ती वर्गात पुढे असायची, पण रंगाशी तिचं काही जमेना. याच सुमारास माक्स क्लिंगर या चित्रकाराचं एक छोटं पुस्तक तिच्या हाती पडलं. त्याचं म्हणणं असं, की जगाचं सौंदर्य रंगांत दाखवावं, पण जगण्याची काळी बाजू दाखवायची तर रेखाटन आणि छापचित्रं हीच योग्य. केटेला आपली वाट सापडली. पुढे तिने रंगांचं काम जवळजवळ सोडूनच दिलं.

इथे छापचित्र म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण मलाही ते माहीत नव्हतं. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात. त्यावर सुईने चित्र काढलं की तेवढ्या रेषांत तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात बुडवायचा. आम्ल उघड्या रेषा खातं, खोल करतं. थर पुसून त्या खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. लिथोग्राफ म्हणजे दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या तत्त्वावर छपाई होते. आपल्या आजी-आजोबांच्या देवघरातली राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती अशीच दगडावरून छापलेली. रविवर्म्याने १८९४ च्या सुमारास मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तेव्हा यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहूनच आणले होते.

या तंत्राचं महत्त्व मला बँकवाला म्हणून लगेच पटलं. तैलचित्र एकच असतं, ते एका श्रीमंताच्या एका भिंतीवर जातं. छापचित्राच्या पुष्कळ प्रती निघतात, आणि त्या साध्या माणसालाही परवडू शकतात. केटेला हेच हवं होतं.

भावाचा एक मित्र होता, कार्ल कोलविट्झ. अनाथ, हुशार, डॉक्टरकी शिकत असलेला. दोघांचं लग्न आधीच ठरलं होतं. वडिलांना ते फारसं पसंत नव्हतं. मुलगा वाईट म्हणून नव्हे. संसारात पडली की हिची कला संपली, ही त्यांची काळजी. आपल्याकडेही किती मुलींचं गाणं, नाच, चित्रकला लग्नाच्या तारखेला संपली, ते आपण जाणतोच. पण १३ जून १८९१ ला लग्न झालं आणि जोडपं बर्लिनला आलं. वायसेनबुर्गर स्ट्रासे, क्रमांक २५. हाच तो ५२ वर्षांचा पत्ता.

वस्ती कामगारांची. मोठमोठ्या भाड्याच्या इमारती, मागे अंधारे चौक, एका खोलीत सात-आठ माणसं. आपल्या गिरणगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा कायद्याने सुरू झाला होता. डॉ. कार्ल हे शिंपीकाम करणाऱ्या कामगारांच्या विमा निधीचे डॉक्टर. दवाखाना त्याच इमारतीत. पेशंटच्या बायका डॉक्टरांकडे येत आणि मग केटेबाईंशीही बोलत बसत. नवऱ्याची नोकरी गेलेली, दारू, पाचवं बाळंतपण, तापाने फणफणलेलं मूल. बाईंनी चित्रांसाठी विषय शोधत कुठे जावं लागलं नाही. विषय जिना चढून त्यांच्या दारात येत होते. १८९२ साली मोठा मुलगा हान्स झाला, १८९६ साली धाकटा पीटर. वडिलांची भीती खरी ठरली नाही, कारण डॉक्टरांनी घर आणि पैसा यांची काळजी बायकोच्या कामावर येऊ दिली नाही.

फेब्रुवारी १८९३ मध्ये केटेबाईंनी गेरहार्ट हाउप्टमान यांचं विणकरांवरचं नाटक पाहिलं. १८४४ साली सायलेशिया प्रांतातल्या हातमाग विणकरांनी उपासमारीला कंटाळून उठाव केला होता, त्यावरचं ते नाटक. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्या विषयाला लागल्या. चार वर्षांत सहा चित्रं झाली, तीन लिथोग्राफ आणि तीन एचिंग. पहिल्या चित्रात आजारी मुलाच्या अंथरुणाशी डोकं धरून बसलेली आई आणि मागे माग. शेवटच्यात त्याच घरात आणून ठेवलेली प्रेतं. वडिलांनी ही चित्रं पाहिली आणि त्यांना धन्य वाटलं. नंतर थोड्याच दिवसांत, १८९८ मध्ये, ते वारले.

त्याच वर्षी बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ही मालिका लागली. परीक्षकांत आडोल्फ मेन्त्सेल हे ८२ वर्षांचे नामांकित चित्रकार होते. त्यांनी सुवर्णपदकाची शिफारस केली. पण पदक द्यायचं तर सम्राटाची मंजुरी लागे, आणि कैसर विल्हेल्म दुसरा याने ती नाकारली. परिणाम असा झाला की जी बाई काल कोणाला माहीत नव्हती, ती देशभर माहीत झाली. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनने पदक दिलं. आठ वर्षांनी, १९०६ मध्ये, घरबसल्या मजुरीवर शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या प्रदर्शनासाठी बाईंनी भित्तिचित्र केलं. त्यावरचा थकलेल्या बाईचा चेहरा सम्राज्ञीला पाहवेना. ते काढल्याशिवाय मी यायची नाही, असा निरोप आला. राजा-राणी दोघांचीही नापसंती मिळवणारे कलाकार फार नसतील.

मधल्या काळात सोळाव्या शतकातल्या शेतकऱ्यांच्या उठावावर सात चित्रांची दुसरी मालिका झाली. त्यासाठी बक्षीस म्हणून इटलीत राहायची संधी मिळाली. पॅरिसला जाऊन त्या मूर्तिकला शिकल्या, रोदँना भेटल्या. पण मला सांगायचंय ते १९०३ सालच्या एका एचिंगबद्दल. मेलेल्या मुलाला घट्ट कवटाळून बसलेली आई. मॉडेल कोण? त्या स्वतः आणि सात वर्षांचा पीटर. पोराला एका हातावर घेऊन आरशात बघत त्यांनी हे चित्र काढलं. वजनाने हात भरून आला, तोंडातून कण्हणं निघालं, तर ते पोर आईलाच धीर द्यायला लागलं की चित्र सुंदर होईल म्हणून.

आता पुढचं लिहिताना माझाही हात जरा थांबतो.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. पीटर १८ वर्षांचा, मित्रांबरोबर नॉर्वेला सहलीला गेलेला. तो परत आला तो सैन्यात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवूनच. वय लहान, त्यामुळे वडिलांची संमती लागणार. डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले. देशाने अजून तुला बोलावलेलं नाही, तू कशाला जातोस, हे त्यांचं म्हणणं. पीटरने आईकडे पाहिलं. आणि केटेबाईंनी नवऱ्याची समजूत घातली. मुलगा काही मोठ्या विश्वासाने करू पाहतोय, त्याला अडवायचं कसं, असं त्यांना वाटलं. देशासाठी त्याग वगैरे गोष्टींवर तेव्हा त्यांचाही विश्वास होता. शेवटी डॉक्टरांनी संमती दिली.

ऑक्टोबरच्या मध्याला पीटर आघाडीवर निघाला. दहा-बारा दिवसांत, २२ ऑक्टोबरच्या रात्री, बेल्जियममध्ये डिक्समुड गावाजवळ तो मारला गेला. बातमी घरी पोहोचली ती ३० तारखेला.

मी नोकरीत हजारो कागदांवर सह्या केल्या आणि करून घेतल्या. शैक्षणिक कर्जाला जामीन राहणाऱ्या बापाला मी नेहमी सांगायचो, काका, नीट वाचून सही करा, नंतर मला माहीत नव्हतं म्हणता येत नाही. पण कुठल्या संमतीचा शेवट काय होणार हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. केटेबाईंनी ती जबाबदारी सरकारवर ढकलली नाही, नवऱ्यावर तर नाहीच. मीच शब्द टाकला होता, हे त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. पीटरची खोली त्यांनी होती तशी ठेवली.

दोन महिन्यांत त्यांनी त्याच्या स्मारकाचं काम हाती घेतलं. आधी कल्पना अशी होती की आडवा पडलेला मुलगा, उशाशी वडील आणि पायाशी आई. वर्षानुवर्षं करत राहिल्या, मनासारखं होईना. १९१९ मध्ये सगळं सोडून दिलं, पण कधीतरी परत येईन असं मनाशी ठरवूनच.

याच काळात त्यांचं मत पूर्ण बदललं. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनी हरत आलेला असताना रिचर्ड डेमेल या कवीने उरलेल्यांनीही स्वेच्छेने लढायला यावं असं आवाहन केलं. केटेबाईंनी वर्तमानपत्रात त्याला जाहीर उत्तर दिलं. सांगणं एवढंच, की पुरे झाली मरणं, आणि पेरणीसाठी राखलेलं बी दळायचं नसतं. मूळ कल्पना ग्योथेची. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला तो हात लावत नाही.

युद्ध संपलं. १९१९ मध्ये प्रशियन कला अकादमीने त्यांना सभासद करून प्राध्यापक ही पदवी दिली. ज्या बाईला तरुणपणी अकादमीच्या शाळेत प्रवेश नव्हता, तिला हा मान. पण त्यांना वेगळंच काही सलत होतं. युद्धावर काय आणि कसं काढायचं? एचिंग करून पाहिलं, लिथोग्राफ करून पाहिलं, समाधान होईना. १९२० मध्ये एर्न्स्ट बार्लाख यांचे लाकडी ठसे पाहिले आणि मार्ग सापडला. लाकडात नाजूकपणा चालत नाही, काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही. सात लाकडी ठशांची ‘युद्ध’ ही मालिका तयार झाली. त्यात बंदुका नाहीत, शत्रू नाही. पहिल्याच चित्रात एक आई आपलं तान्हं बाळ दोन्ही हातांनी पुढे धरते आहे, जणू देऊन टाकते आहे. दुसऱ्यात मृत्यू ढोल बडवतोय आणि तरुण मुलं त्याच्यामागे निघाली आहेत. मृत्यूच्या शेजारचा पहिला मुलगा पीटर.

१९२३ साली जर्मनीत पैशाचं काय झालं ते बँकेच्या परीक्षेत आम्हाला शिकवलं होतं. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. आम्ही तो आकडा पाठ केला. त्या आकड्याखाली माणसांचं काय झालं, ते केटेबाईंच्या भित्तिचित्रांत आहे. रिकामी वाडगी वर धरलेली मुलं, पाठ फिरवून उभी असलेली आई आणि तिचा पदर ओढणारी दोन पोरं. १९२४ मध्ये हात उंचावलेल्या तरुणाचं ‘पुन्हा युद्ध नको’ हे भित्तिचित्र केलं. आजही जगात कुठे ना कुठे मोर्चात ते दिसतं. अशी कामं त्या मदत संस्थांना करून देत.

मुलाच्या स्मारकाकडेही त्या परत आल्या. आता त्यातून मुलगा काढून टाकला. फक्त दोन वेगवेगळ्या मूर्ती, गुडघे टेकलेले वडील आणि आई. वडील ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलेले. आई पुढे झुकलेली. चेहरे डॉक्टरांचे आणि त्यांचे स्वतःचे. १९३२ च्या उन्हाळ्यात पती-पत्नी बेल्जियमला गेले आणि पीटर पुरला होता त्या दफनभूमीत त्या दगडी मूर्ती बसवून आले. पोरगा जगला होता १८ वर्षं, स्मारकालाही लागली १८ वर्षं. पुढे ती थडगी व्लाड्स्लो इथे हलवली, मूर्तीही गेल्या. तिथे २५ हजारांहून जास्त सैनिक आहेत. दोन्ही मूर्ती त्या सगळ्यांसमोर गुडघे टेकून आहेत. माफी मागत असाव्यात, असं मला फोटो पाहताना वाटतं.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच्याविरुद्ध डाव्या पक्षांनी एकत्र यावं या आवाहनावर केटेबाईंची सही होती. लगेच अकादमीचा राजीनामा द्यावा लागला. काही काळ डॉक्टरांचं विम्याचं काम काढून घेतलं. चित्रं प्रदर्शनातून उतरवली. १९३६ मध्ये गुप्त पोलीस घरी आले, चौकशी झाली, छावणीत पाठवण्याची धमकी दिली. वय ६९. तशी वेळ आलीच तर आपणच जीवन संपवायचं, असं पती-पत्नींनी ठरवून ठेवलं होतं. अमेरिकेतून आसरा देऊ केला गेला, पण मागे राहिलेल्या कुटुंबाला त्रास होईल म्हणून गेल्या नाहीत. तोच पत्ता, तेच घर.

जुलै १९४० मध्ये डॉक्टर गेले. दुसरं महायुद्ध सुरूच होतं. वयाच्या ७४ व्या वर्षी बाईंनी शेवटचा लिथोग्राफ केला. एक म्हातारी आई, तिच्या अंगरख्याखाली तीन पोरं. पोरं बाहेर डोकावतायत, निघायला बघतायत, आणि आई दोन्ही हात पसरून त्यांना दाबून धरते आहे. चित्राचं नाव तेच, बियाणं दळू नये अशा अर्थाचं. म्हणजे १९१४ साली ज्या हातांनी मुलाला जाऊ दिलं, ते हात आता सोडायला तयार नाहीत. पण इतिहास कोणाचं ऐकतो? हान्सच्या मुलाचं नाव काकाच्या आठवणीत पीटर ठेवलं होतं. हा नातू पीटर सप्टेंबर १९४२ मध्ये रशियाच्या आघाडीवर मारला गेला.

१९४३ मध्ये बर्लिनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा केटेबाईंना बाहेरगावी हलवलं. त्याच नोव्हेंबरमध्ये वायसेनबुर्गर स्ट्रासेवरची ती इमारत बॉम्बने गेली. घर, पीटरच्या वस्तू, कितीतरी काम, सगळं. शेवटचे महिने त्या ड्रेस्डेनजवळ मोरित्सबुर्गला राहिल्या. २२ एप्रिल १९४५ ला तिथेच त्यांनी प्राण सोडला. आणखी १६ दिवस जगत्या तर युद्ध संपलेलं त्यांना कळलं असतं.

१९४७ मध्ये त्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. मुलीबरोबर मी तो पत्ता शोधत गेलो. आता तिथे दुसरी इमारत आहे. शहराच्या मध्यभागी जर्मनीचं युद्धबळींचं राष्ट्रीय स्मारक आहे. एका मोठ्या रिकाम्या दालनात मुलाला मांडीवर घेतलेल्या आईची एकच मूर्ती, केटेबाईंच्या छोट्या मूर्तीवरून मोठी केलेली, १९९३ मध्ये ठेवलेली. छताला वर गोल भोक आहे. आम्ही गेलो तेव्हा पाऊस पडत होता आणि तो सरळ त्या आईच्या अंगावर पडत होता. आमची ही बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, हिच्यावर कोणीतरी छत्री धरायला हवी.

एक गोष्ट बँकवाला म्हणून अभिमानाने सांगतो. केटेबाईंच्या कामाचा जगातला सर्वांत मोठा संग्रह कोलोन शहरात आहे आणि ते संग्रहालय १९८५ मध्ये तिथल्या एका बचत बँकेने, क्राइसस्पारकासे कोलोनने, सुरू केलं. बँकांना नुसतं व्याज कळतं असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आपल्या सोसायटीतली निम्मी मुलं आज बाहेर आहेत. आपणच पाठवली, आनंदाने पाठवली. दिवाळीला येतात, रोज व्हिडिओ कॉल करतात, सुखरूप आहेत. ही किती मोठी गोष्ट आहे, ते केटेबाई वाचल्यापासून मला जास्त कळतं. मुलीचा फोन ठेवताना आता मी हवामान विचारून झाल्यावरही दोन मिनिटं उगाच बोलत राहतो.

शेवटी, जुन्या खजिनदाराची एक सूचना. आपल्या वाचनालयाच्या भिंतीवर गेल्या वर्षीची तीन कॅलेंडरं अजून लटकताहेत. त्या जागी केटेबाईंच्या त्या शेवटच्या चित्राची एक प्रत लावावी. छापचित्र आहे, खर्च फ्रेमचाच. तो मी देईन, सभेच्या मंजुरीची वाट पाहायला नको. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.